भाचीचं दुकान आणि परत आलेली डबी

तर ती डबी रिकामी निघाली, इथपर्यंत काल आपण आलो होतो. पण मध्येच चहा आला, चहाबरोबर माझ्या गुडघ्याचा विषय निघाला, आणि डबी राहिली बाजूला. शिवाय उठता उठता कोणीतरी विचारलंच, "आजोबा, ही ताई तुमची कोण?" म्हणजे इतका वेळ मी जिच्याबद्दल बोलत होतो ती कोण, हेच सांगायचं राहिलं होतं! तेव्हा डबी घटकाभर तशीच राहू दे. आधी ताई.

ताई म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. सगळा रस्ता तिला ताई म्हणतो, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. एकदा गडबडीत माझ्याच तोंडून "ताई" निघून गेलं, तर म्हणाली, "मामा, आता तुम्हीपण सुरू केलंत तर मला काठीच घ्यावी लागेल."

तिचं दुकान व्हिडिओ गेमचं. रस्ता वळतो तिथे, एका बाजूला सलून आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, मध्ये ही. पुढच्या भागात गेम, मागे पडद्याआड जावईबापूंचं टीव्ही दुरुस्तीचं टेबल. जावईबापू मोजकंच बोलतात. पडद्यावरून धूर आला की समजायचं, घरधनी आत आहेत.

आधी ती बुटांच्या दुकानात कामाला होती. तिथे तिची एक खोड होती. नवे बूट पायात घालून दुकानभर चालल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला पैसे काढू देत नसे. एका गृहस्थांना दुकान लहान वाटलं, तर ही म्हणाली, "मग कोपऱ्यापर्यंत जाऊन या." गृहस्थ निघाले, वळले, दिसेनासे झाले. मालकाने कपाळावर हात मारून घेतला. "गेले बूट! आता काढ तुझ्या पगारातून!" थोड्या वेळाने गृहस्थ हजर. घाम पुसत म्हणाले, "डावा चावतो." भाची मालकाकडे बघून म्हणाली, "बघा, हे घरी जाऊन कळलं असतं तर?"

पुढे ते दुकान बंद पडलं. तिने तिथलं लांब बाकडं आणि पाय टेकायचं तिरकं स्टूल विकत घेतलं आणि जावयाच्या टीव्हीच्या दुकानात आणून ठेवलं. त्या बाकड्यासमोर एक टीव्ही, टीव्हीखाली गेमचं मशीन. म्हणे, बसा, खेळा, चावतो का बघा, मग घ्या.

मी खेडेगावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या शाळेत खेळ म्हणजे मास्तर येईपर्यंत जे काही व्हायचं ते. पण या बाकड्यावर बसून मीही ट्रक चालवायला शिकलो. पहिल्या दिवशी भरलेला ट्रक सरळ तळ्यात घातला आणि जोरात "माफ करा हो!" म्हणालो. शेजारी बसलेल्या दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणाला म्हणालात?" म्हटलं, "मालाच्या मालकाला. कोणीतरी असेलच ना!"

आता तिच्या दुकानाची खरी गंमत ऐका. खेळून झालेला गेम परत आणला की ती तो ठेवून घ्यायची आणि थोडे पैसे वर घेऊन दुसरा द्यायची. पण एक अट. परत करणाऱ्याने काउंटरसमोर उभं राहून एक चांगलं आणि एक वाईट सांगायचं, सगळ्यांदेखत. लिहून-बिहून काही नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डबी देताना सांगायची, "आधीच्या माणसाचं म्हणणं असं असं आहे. आता तुम्ही ठरवा."

काय एकेक म्हणणी ऐकलीत तिथे! डॉक्टर म्हणाले, "चांगलं म्हणजे घोडा. वाईट म्हणजे घोड्यावरचा माणूस." पाळणाघर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत गेले हे चांगलं. शेवट वाईट." आणि रात्रपाळीचा रखवालदार एका भुताच्या गेमबद्दल म्हणाला, "भीती वाटत नाही हे वाईट. नोकरीवर जागं ठेवत नाही."

"आणि चांगलं?" भाचीने विचारलं.

"तेच. झोप छान लागते."

लोक गेम घ्यायला यायचे की ही म्हणणी ऐकायला, कोण जाणे. मी तर दुसऱ्यासाठीच जायचो.

आणि एक दिवस कंपनीचा माणूस आला. गेम दुकानादुकानांत पोचवणारी जी कंपनी, तिचा. तरुण, नीटनेटका, बोलणं गोड, आणि सांगून ठेवतो, माणूस वाईट नव्हता. त्याने भाचीपुढे करार ठेवला. म्हणाला, "ताई, डिस्क आता बंद होत चालल्यात. यापुढे डबीत डिस्क नसेल, कार्ड असेल. कार्डावर कोड. घरी जाऊन मशीनवर कोड टाकायचा, गेम आपोआप उतरतो. करारावर सही करा, नवा माल सगळ्यांत आधी तुमच्याकडे. दुकानाला दिव्यांची पाटी आमच्याकडून."

"आणि नाही केली तर?"

तो जरा घुटमळला. "तर नवा माल कमी कमी येत जाईल."

"आणि केली तर माझ्याकडून काय हवंय?"

"जुन्या मालाचं कपाट काढावं लागेल, ताई. कोडाचा गेम परत घेता येत नाही ना. आणि हे बाकडं. कंपनीला दुकानं एकसारखी हवी आहेत."

मी बाकड्यावरच होतो. म्हटलं, "मला पण काढणार का?" बिचारा कानापर्यंत लाल झाला. "नाही आजोबा, तुम्ही या की! उभे राहा."

प्रश्न साधा होता आणि साधा नव्हता. सही केली तर माल मिळणार, पण दुकान तिचं राहणार नाही. नाही केली तर दुकान तिचं राहणार, पण त्यात माल राहणार नाही. तो म्हणाला, महिनाभर कोडाच्या डब्या ठेवून बघा आणि मग ठरवा. वर काउंटरवर एक छोटी टॅब्लेट लावून गेला. गिऱ्हाइकांचं मत गोळा करायला. तिच्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपल्याला जो वाटेल तो दाबायचा. मी पाचही दाबले. कोणाला वाईट वाटायला नको.

पण खरी मतं आली ती बाकड्यावरून. तो गेला आणि तोंडं सुटली.

पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, "मला तर हे सोयीचं आहे बाई. पोरं झोपली की घरबसल्या गेम घेते. डिस्क असली की एकजण चाटतो, दुसरा तिच्यावर गाडी चालवतो."

"सेल लागला की अर्ध्याहून कमी किंमत," रखवालदार म्हणाला. "मी एवढे घेऊन ठेवलेत की खेळायला दुसरा जन्म लागेल."

"घेतलेत कुठे?" डॉक्टर पुढे सरसावले. "तुम्ही ते वाचलंत का, बटण दाबण्याआधी येतं ते? लांबलचक?"

"ते कोण वाचतं?"

"मी वाचलं."

"डॉक्टर, तुम्हाला पेशंट कमी आहेत."

"असू दे. त्यात म्हटलंय, तुम्ही गेम विकत घेत नाही, खेळायची परवानगी घेता. उद्या त्यांनी दुकान गुंडाळलं तर तुमची परवानगीही गुंडाळली. बटणावर मात्र मोठ्या अक्षरांत 'खरेदी करा'. अहो, मी कवळी विकली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, चावायची फक्त परवानगी आहे, तर चालेल?"

हसून हसून माझीच कवळी सैल झाली. भाची हसली नाही. सगळ्यांचं ऐकत डब्या पुसत राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "मामा, पाळणाघरवाल्या बाईंचं खरं आहे आणि डॉक्टरांचंही खरं आहे. मला दोन्ही पटतात, हीच पंचाईत आहे."

आता डबीकडे येतो.

शेजारच्या सलूनवाल्याने कोडाच्या नव्या डब्यांतली एक नेली होती. बोटीचा गेम. काही दिवसांनी तो डबी घेऊन परत आला आणि नेहमीसारखा काउंटरसमोर उभा राहिला. त्या दिवशी तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाला, "चांगलं म्हणजे, बोट घेऊन निघालं की कोणी अंगावर येत नाही. पाणी, आपण आणि लांब कुठेतरी एक दिवा. ताई, मी दिवसभर लोकांच्या डोक्यांत हात घालून बसतो. घरी गेल्यावर मला कोणाचं डोकं नजरेसमोर नको असतं. या खेळात एकही डोकं नाही."

पडद्याआडून जावईबापूंनी डोकं बाहेर काढलं आणि लगेच आत घेतलं.

"आणि वाईट?" भाचीने हळूच विचारलं.

"धक्क्याला दोर बांधायला गेलं की हातातून निसटतो. वैताग येतो."

भाचीने मान हलवली, डबी घेतली, त्याला दुसरा गेम दिला आणि बोटीची डबी जुन्या मालाच्या कपाटात ठेवून दिली. आम्ही सगळे बघत होतो. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की त्या डबीत आता वापरलेल्या कोडाखेरीज काही नाही. सलूनवाल्याच्याही नाही. डबी दिली म्हणजे गेम दिला, अशी इतक्या वर्षांची सवय. आमच्या दुकानातच होऊ शकते अशी चूक, दुसरीकडे कुठे नाही.

दोनेक दिवसांत लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून लिफ्टवाला. त्याच्या आईचा पाय मोडला होता, प्लास्टरमध्ये होता. आईला करमत नाही, काहीतरी शांत द्या, म्हणाला. भाचीने बोटीची डबी काढली आणि आधीच्या माणसाचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. लिफ्टवाल्याचे डोळे चमकले. "हेच द्या." डबी उघडलेली होती, कार्डावरचं चंदेरी खरवडलेलं होतं, पण जुन्या मालाच्या कपाटातली डबी उघडलेली असणारच.

मग तो परत आला. भरल्या दुकानात. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, कोड आधीच वापरलाय असं येतंय. दुसरीकडून घेतला असता तर भांडलो असतो. तुमच्याकडून घेतला म्हणून आधी वाटलं, आपलंच काही चुकतंय."

भाचीचा चेहरा उतरला. मी तिला लहानपणापासून ओळखतो. लग्नात, बाळंतपणात, वडील गेले तेव्हा, कधी असा बघितला नव्हता. तिने कपाटाकडे बघितलं, मग सलूनच्या भिंतीकडे, आणि तिला सगळं उमगलं. सरळ म्हणाली, "तुमचं नाही, माझं चुकलं," आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

नेमका त्याच वेळी कंपनीचा माणूस आला. तिने त्यालाच विचारलं, "हा कोड मोकळा करता येईल का?" त्याने खटाखट कुठे कुठे फोन लावले आणि मान हलवली. तेवढ्यात सलूनवाला धावत आला, एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून.

"एवढंच ना? माझ्या मशीनवरून काढून टाकतो. जाईल तिकडे!"

"काढलात तरी तो तुमचाच राहतो," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मला नकोय!"

"तरी तुमचाच."

"बरं, मग मी यांच्या आईला देतो."

"देता येत नाही."

"विकतो."

"विकताही येत नाही, काका."

"मला टाकता येत नाही, देता येत नाही, विकता येत नाही, आणि वर म्हणतोस माझाच! अरे, गेम आहे का माझा मेहुणा?"

सगळं दुकान हसत सुटलं. कंपनीचा माणूससुद्धा हसला, तोंडावर हात धरून. लिफ्टवालाही हसला. भाची मात्र पडद्याआड गेली, जावईबापूंशी काहीतरी बोलली, आणि थोड्याच वेळात दोघं टीव्हीखालचं मशीन उपसून पिशवीत भरायला लागले. मला म्हणाली, "मामा, दुकानावर बसा. नाहीतर चला आमच्याबरोबर, पण यांची आई आजारी आहे, फार बोलू नका."

मी गेलो. सलूनवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. साबणवाला तोवर तसाच बसलेला होता.

लिफ्टवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आम्ही त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका, इथली दुसऱ्याकडे आहे."

आई खिडकीशी पलंगावर बसलेली. पाय उशीवर, मांडीवर मशीनचा रिमोट. भाचीने तिच्यापाशी बसून पुन्हा सगळं सांगितलं आणि पैसे पुढे केले. म्हातारीने पैशांकडे बघितलंही नाही. म्हणाली, "अगं, म्हणजे माझं चुकत नव्हतं तर! मी दोन संध्याकाळ तो आकडा टाकतेय. चष्मा बदलला, एकेक अक्षर बोटाने धरून टाकलं. मुलाला सांगितलं नाही. म्हटलं, पाय गेला आणि आता डोकंही चाललं."

भाची तिचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे."

"ते मला आता कळलं," म्हातारी म्हणाली.

जावईबापूंनी दुकानाचं मशीन जोडलं. दुकानात दाखवायला म्हणून बोटीचा गेम त्यात होताच. भाची म्हणाली, "नवा कोड मी आणलाय. पण मावशी, आधी सांगते. हा टाकला की परत करता येणार नाही, बहिणीला देता येणार नाही, कोणाला विकता येणार नाही. म्हणून आधी खेळून बघा. सावकाश."

आणि म्हातारी खेळली. दुपार उलटून गेली. लिफ्टवाल्याने चहा केला, मी फार बोललो नाही, म्हणजे माझ्या मानाने. बोट निघाली, पाणी चमकलं, लांबचा दिवा दिसला. आम्ही सगळे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

शेवटी तिने रिमोट खाली ठेवला. "छान आहे गं. पण मी आधीच या पलंगावर एकटी असते. तिथेही एकटीच? कोणी बोलायला नाही, भांडायला नाही. गर्दीचा नाही का एखादा?"

भाची माझ्याकडे बघून हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. ज्याच्या तोंडून कौतुक निघालं तो दिवसभर माणसांत असलेला, आणि जिच्या हाती गेम पडला ती दिवसभर माणसांविना. चालून बघितल्याशिवाय कळलं नसतं. न वापरलेलं कार्ड तिने पर्समध्ये टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी जावईबापू एक जुनी डिस्क देऊन आले, बाजारपेठ चालवायचा गेम, ज्यात दीडशहाणी गिऱ्हाइकं दिवसभर हुज्जत घालतात. प्लास्टर निघाल्यावर म्हातारी स्वतः काठी टेकत दुकानात आली आणि काउंटरसमोर उभी राहून म्हणाली, "चांगलं म्हणजे भांडण. वाईट म्हणजे दरवेळी मीच जिंकते."

पण ते पुढचं. महिना संपला त्या दिवशी कंपनीचा माणूस करार घेऊन आला. दुकानात बाकडंभर माणसं होती आणि सगळी उगाचच डब्यांवरची नावं वाचत होती. भाचीने करार त्याच्याकडे परत सरकवला.

"कोड मी विकीन," ती म्हणाली. "ज्याला घरबसल्या हवंय त्याला मी अडवणारी कोण? पण नुसतं कार्ड विकीन, डबीविना. आणि सांगून विकीन, की हे परत येत नाही. कपाट राहील आणि बाकडंही राहील."

"मग सही नाही?"

"या कागदावर नाही."

त्याने कागद घडी करून बॅगेत टाकला. रागावला नाही, उलट त्याला थोडं हायसंच वाटलं असावं, निदान मला तसं दिसलं. तो म्हणाला, "माल कमी होईल, ताई. मी होईल तेवढं करीन, पण शब्द देऊ शकत नाही."

"नका देऊ. डिस्कचा जुना माल लोकांच्या घरी भरपूर आहे, तो फिरत राहील. बाकीचं बघू."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "वर मला विचारणार, ताई. गिऱ्हाइकांचं मत काय, म्हणून. चेहऱ्यांची टॅब्लेट तर काही सांगतच नाही, कोणीतरी सगळे चेहरे दाबून ठेवलेत. काय सांगू मी त्यांना?"

मी छताकडे बघत राहिलो. भाचीने क्षणभर विचार केला, हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली:

"सांगा, गिऱ्हाईक काही रागावलेलं नाही. स्वस्त दिलंत तर घेतं, घरपोच दिलंत तर खूश होतं. फक्त आपण काय घेतलं हे त्याला घरी जाऊन कळायला नको, घेतानाच कळू दे. आणि हो, जाताना त्या रिकाम्या डब्या तेवढ्या घेऊन जा, मला कपाटात जागा हवी आहे."